चौदा सप्टेंबरचा शिक्का

मित्रांनो, माझ्या अंगावर एक तारीख आहे आणि ती आता कधी बदलणार नाही. बारा सप्टेंबर एकोणीसशे त्रेपन्न. माझे रबर वाळून कडक झाले आहे. फिरवायला गेलात तर तुटेल. मी खोक्यांवर तारीख उठवणारा जुना शिक्का. पेनसिल्व्हेनियातल्या कोलव्हिल गावात माझे सारे आयुष्य गेले. मी खरे बोलतो असे सगळे मानत, आणि त्यामुळेच एका घरात खोटे पसरले. ते कसे झाले आणि कसे निस्तरले, तेवढे सांगतो.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. पितळेची चौकट, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि रबराच्या चार पट्ट्या. एका पट्टीवर महिने, दोहोंवर दिवसाचे आकडे, चौथीवर वर्षे. वर्षे बाराच होती, अठ्ठेचाळीस ते एकोणसाठ. माझ्यावर सगळे उलटे कोरलेले असे आणि कागदावर सुलटे उमटे. एक गोष्ट मात्र माझ्यावर कोणी कोरलीच नव्हती. ती म्हणजे वार. हे लक्षात ठेवा.

मला ह्रिंको यांच्या वखारीत आणले. गोळ्या, चॉकलेट, तंबाखू, च्युइंग गम असा माल तिथे बाहेरून येई आणि गावोगावच्या दुकानांत जाई. शिक्क्याशिवाय खोके फळीवर चढायचे नाही, असा नियम होता. आधी आलेला माल आधी गेला पाहिजे, नाहीतर चॉकलेटवर पांढरा थर चढतो. म्हणून मी. मला चालवायची वेरा बलाझ. त्रेपन्न साली सत्तावीस वर्षांची, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ.

ह्रिंकोंचा आणखी एक नियम होता. वखारीतला माल फुकट तोंडात टाकायचा नाही. ज्याने जे घेतले त्याचे नाणे त्याने शिक्क्याखाली ठेवायचे. सकाळी वेरा ते उचलून डब्यात टाकी. ह्रिंको मला हातात घेऊन म्हणत, "या वखारीत खोटं न बोलणारा एकच आहे, आणि त्याला लाकडाची मूठ आहे." मला ते आवडे. कौतुक कोणाला आवडत नाही?

आता माझ्या चुकीकडे येतो. शनिवारी वेराचे काम बारा वाजता संपे. सोमवारी पहाटे दारात चार गाड्या एकदम उभ्या राहत. तेव्हा पट्ट्या फिरवत बसायला वेळ नसे. म्हणून शनिवारी टोपी घालताना ती मला दोन दिवस पुढे फिरवून ठेवी. टक, टक. शनिवार दुपारपासूनच मी सोमवार होई.

शनिवारची दुपार एमिल हुडाक सांभाळे. हा वखारीची गाडी चालवायचा. मोठे कान, थोडे बोलणे. क्वचित एखादी उशिरा निघालेली गाडी शनिवारी दुपारी येऊन थडके. मग एमिल माल उतरवून घेई आणि समोर असेल ती तारीख मारून मोकळा होई. वेराने त्याला दहादा सांगितले होते, "दुपारी मारशील तर शिक्का मागे फिरवून मार." तो "हो" म्हणे. फिरवत कधी नसे.

बारा सप्टेंबरला तीनच्या सुमारास अशीच एक गाडी आली. अठरा खोकी होती, आणि त्यांत बेसबॉलची कार्डे. तेव्हा च्युइंग गमच्या पुडीत खेळाडूचे कार्ड घालत. पुढे चित्र आणि मागे त्याच्या खेळाचे आकडे. एका वर्षाचा संच एकदम येत नसे, उन्हाळाभर हप्त्याहप्त्याने येई. हा त्या वर्षीचा चौथा, म्हणजे शेवटचा हप्ता होता.

"हे कोण घेणार रे आता?" गाडीवाला म्हणाला. "शाळा उघडल्या. पोरं फुटबॉलच्या मागे लागली."

"माझ्या घरी दोन गिऱ्हाइकं आहेत," एमिल म्हणाला.

त्याने अठराही खोक्यांवर मला दाबले. चौदा सप्टेंबर, चौदा सप्टेंबर, अठरा वेळा. मग एक खोके उघडून एकेक सेंटच्या दोन पुड्या काढल्या, खिशात टाकल्या, आणि दोन सेंट माझ्याखाली सरकवले. कुलूप लावून तो गेला.

रविवारी एमिल डेट्रॉइटच्या बसमध्ये बसला. मोटारींच्या कारखान्यात काम बघतो, महिन्याभरात सगळ्यांना बोलावतो, असे बायकोला म्हणाला. त्याने बोलावले नाही. पत्रही आले नाही. आठ वर्षांनी तो तिकडेच वारल्याची चिठ्ठी आली.

ते दोन सेंट सोमवारी सकाळपर्यंत माझ्या बुडाखाली गार लागत होते. मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड कुठे होते? मला तारीख होती, आणि ती चुकीची.

एकोणीसशे एकोणसाठ सरले आणि माझी वर्षे संपली. नवा शिक्का आला. मी खणात पडलो, सुतळी आणि मोडक्या पेन्सिलींबरोबर. पट्ट्यांवरची शाई कोणी पुसली नाही. शाई वाळली की रबर चिरते. तिथे मी अठ्ठावीस वर्षे होतो. शेवटी वखार बंद पडली, ह्रिंकोंच्या पुतण्याने सामान विकायला काढले, आणि मार्विन क्लेबर नावाचा माणूस आत आला.

क्लेबर रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त झालेला. त्याचा छंद जगावेगळा होता. जुन्या कार्डांचा कोणता हप्ता कोणत्या दिवशी बाजारात आला, हे तो शोधून काढी. कार्डावर तारीख छापलेली नसते. कंपन्यांचे कागद केव्हाच गेलेले. म्हणून हे लोक जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळतात, दुकानदारांची पत्रे वाचतात, खोक्यांवरचे शिक्के बघतात. ह्रिंको काही टाकणाऱ्यातले नव्हते. खोक्यांची झाकणे कापून त्यांनी फळ्यांवर अंथरली होती. क्लेबरला तिथे माझे शिक्के असलेली एकशे एकेचाळीस झाकणे मिळाली. त्याने ती घेतली, आणि मलाही.

त्याच्या टेबलावर मला पुन्हा बरे दिवस आले. त्याने मऊ फडक्याने माझे पितळ पुसले. तो सगळे मोठ्याने वाची. त्यामुळे मला अक्षरे येऊ लागली ती म्हातारपणी. तोवर मला आकडे आणि बारा महिन्यांची नावे, एवढेच येत होते. चौदा सप्टेंबरचे झाकण त्याने काच लावून भिंतीवर टांगले. चौथ्या हप्त्याची कार्डे दुर्मिळ, कारण दुकानदारांनी ती मागवलीच नव्हती. त्यांची पक्की तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. क्लेबरने ती संग्राहकांच्या पत्रकात छापली आणि ओहायोपासून टेक्सासपर्यंत सगळ्यांनी ती मान्य केली.

एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या सभागृहात कार्डांचे प्रदर्शन भरले. क्लेबरने माझ्या पट्ट्या जपून चौदा सप्टेंबर त्रेपन्नवर आणल्या आणि मला टेबलाच्या मधोमध मांडले. दुपारी एक बाई आली. त्रेपन्न वर्षांची, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने पत्रकाचे पान टेबलावर ठेवले.

"हे तुम्ही लिहिलंत? चौदा सप्टेंबर?"

"मी लिहिलं."

"चूक आहे."

क्लेबरने चष्मा वर केला. "बसा. तुमच्याकडे काय आहे? जाहिरात? पत्र?"

"माझ्याकडे मी आहे. डॉरथी हुडाक. माझ्या वडिलांनी या हप्त्याची दोन कार्डं मला शनिवारी दिली. बारा तारखेला. रविवारी ते गेले ते गेलेच."

"बाई, मी आठवणीवर तारीख लिहीत नाही. माझ्या आईला आठवायचं की मी दीड वर्षाचा असताना नदी पोहून गेलो."

"मी दहा वर्षांची होते, दीड नाही. शनिवारी आम्हाला पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये नेत. मी रांगेत उभी होते आणि बाबांनी मागून येऊन दोन पुड्या फोडल्या आणि कार्डं हातात दिली. म्हणाले, एक तुझं. आणि हा कानवाला आयरीनला, तिला आवडेल."

"आयरीन कोण?"

"माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची होती." डॉरथी थांबली. "मी तिला दिलं नाही. चघळून टाकेल म्हटलं. मग बाबा परत आले नाहीत, आणि मला दोन्ही हवी झाली. मग ती म्हणायला लागली, बाबांनी जाताना मला वळूनही पाहिलं नाही. तेव्हा कुठल्या तोंडानं देणार? परवा नाताळात धीर करून दिलं. तिचा नवरा तुमचं पत्रक घेतो. तिनं पान उघडून दाखवलं. ती मला डॉट म्हणते. म्हणाली, डॉट, कार्ड सोमवारी आलं, बाबा रविवारी गेले. बाजारातून विकत आणून माझे डोळे पुसू नकोस. आणि कार्ड परत माझ्या हातात ठेवलं."

क्लेबरने पान परत तिच्याकडे सरकवले. मग त्याने बोट माझ्याकडे केले. "मला वाईट वाटतं. पण हा शिक्का आहे. शिक्का कोणाची बाजू घेत नाही."

मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

डॉरथी उठली. जाता जाता म्हणाली, "चौदा तारखेला कोणता वार होता, हे तरी तुमच्या शिक्क्यावर आहे का?"

"शिक्क्यावर वार नसतो," क्लेबर म्हणाला.

पण तो वेळापत्रकाचा माणूस. त्याला ते बोचले. आठ वर्षे त्याने त्या झाकणांवरची तारीख वाचली होती. वार एकदाही काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवारी जेवणाआधी त्याने त्रेपन्न सालचे कॅलेंडर काढले आणि प्रत्येक झाकणाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वार लिहायला घेतला. स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, लॉइसचा आवाज आला. "सूप निवलं."

"लॉइस, कामगार दिनाला वखारी उघड्या असतात का?"

"वखारी? कामगार दिनाला तुमचं तोंडसुद्धा बंद असतं. मासे पकडायला जाता म्हणून. का?"

क्लेबरच्या हातात आल्याच्या गोळ्यांचे झाकण होते. त्यावर माझा शिक्का होता, सात सप्टेंबर एकोणीसशे त्रेपन्न. सप्टेंबरचा पहिला सोमवार. अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी मे महिन्यात नव्हे, त्या सोमवारी असते; गावातली सगळी कुलुपे बंद. कुलूपबंद वखारीत त्या दिवशी माल कोण उतरवून घेणार?

त्याने ते झाकण उजेडात धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. मग लॉइसला म्हणाला, "हे माझ्याकडे आठ वर्षं आहे. रेल्वेत असतो तर मला हाकलून दिलं असतं."

"हाकलायला तिकडे माझ्यासारखं कोणी नव्हतं. आधी सूप प्या."

वेराला विसराळूपणाची सवय नव्हती. पण पाच तारखेच्या शनिवारी बोटाच्या सवयीने तिने मला सोमवारवर आणले होते आणि सोमवारी सुट्टी आहे हे तिच्या ध्यानात नव्हते. दुपारी एमिलने तीच तारीख मारली. एका सुट्टीच्या दिवसाने माझे पितळ उघडे पाडले.

क्लेबरने डॉरथीला फोन केला. "वखारीत शिक्का कोण मारायचं?"

"वेरा टेटा," ती म्हणाली. आमच्या गावच्या स्लोव्हाक लोकांत मावशी-आत्याला टेटा म्हणतात. "गुरुवारी चर्चच्या तळघरात असते. पण आयरीनही तिथेच असेल."

"असू दे," क्लेबर म्हणाला. "बरंच झालं."

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले होते. शुक्रवारी मांस नाही. म्हणून गुरुवारी चर्चच्या बायका बटाटा आणि चीज भरून करंजीसारख्या शेकडो पिरोही करतात आणि गाव ते विकत घेते. तळघरात वाफ होती, पीठ होते आणि दहा बायका एकाच वेळी बोलत होत्या. वेरा सत्तर वर्षांची झाली होती. ती कडा चिमटीने मिटवत होती. तिच्या शेजारी आयरीन लाटत होती. बहिणीला बघून तिने लाटणे जोरात फिरवले.

क्लेबरने मला पिठाच्या परातीशेजारी ठेवले. "ओळखता याला?"

"ओळखते? याची शाई लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्या अंगठ्यावरून गेली नव्हती. नवरा म्हणाला, मी बायको केली की पार्सल?" वेराने मला उचलले. तिच्या हाताला बटाट्याचा वास होता. बोटे वाकडी झाली होती, पण अंगठा बरोबर दिवसाच्या पट्टीवर गेला.

"शनिवारी बारा वाजता घरी जाताना तुम्ही काय काय करायचात?" क्लेबरने विचारले. तो मुद्दाम पुढचे काही बोलला नाही.

"काय करणार? टोपी घालायची, दिवा मालवायचा, शिक्का सोमवारवर आणायचा."

"शनिवारीच?"

"मग काय सोमवारी? दारात चार गाड्या, मागे ह्रिंको ओरडतोय. तू रेल्वेवाला ना? तुमच्या गाड्या उशिरा, आमचा माल उशिरा. माझं बोट तरी वेळेवर नको?"

"आणि शनिवारी दुपारी माल आला तर?"

"तर एमिल होता. मागे फिरवून मार म्हणून सांगून माझी जीभ झिजली."

क्लेबरने कामगार दिनाचे झाकण आणि चौदा तारखेचे झाकण शेजारी शेजारी ठेवले. लाटणे थांबले होते.

"म्हणजे माल शनिवारी आलेला असू शकतो," आयरीन म्हणाली. "असू शकतो म्हणजे आला, असं नाही."

"बरोबर," क्लेबर म्हणाला. तो खोटे बोलणारा नव्हता. "तेवढ्यानं सिद्ध होत नाही."

डॉरथीचा चेहरा पडला. वेरा मला हातात घेऊन तशीच बसली होती. तिने मला उलटे केले आणि माझ्या बुडाकडे पाहिले.

"तो सोमवार कसा विसरेन?" ती हळू म्हणाली. "एमिल आला नाही. दुपारी कळलं की गेला. सकाळी मी आले तर खोकी फळीवर चढलेली, शिक्का मारलेला. म्हटलं, आज स्वारीनं माझं कामच उरकून ठेवलं. आणि याच्याखाली दोन सेंट. मी शनिवारी दिवा मालवला तेव्हा नव्हते. एकेक सेंटचे दोन. वखारीत एका सेंटची पुडी त्या चित्रांच्या गमचीच होती, बाकी सगळं पाचाच्या पुढे."

"तू कधी बोलली नाहीस, टेटा," डॉरथी म्हणाली.

"कोणी विचारलं? सगळे विचारत होते, कुठे गेला. काय घेऊन गेला, हे कोणी विचारलं नाही."

आयरीनने बहिणीकडे पाहिले. "दोन?"

"दोन. एक तुझं होतं."

"आणि त्रेचाळीस वर्षं तू ते दाबून बसलीस."

"बसले."

"मी चघळलं असतं म्हणून?"

"आधी म्हणून. नंतर मला लाज वाटली म्हणून."

"चघळलंच असतं मी," आयरीन म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पुड्या घ्यायला वेळ होता त्याला. एक पत्र टाकायला आठ वर्षांत वेळ झाला नाही."

"नाही झाला," डॉरथी म्हणाली. तिने वाद घातला नाही. पर्स उघडली आणि मेणकागदाची घडी पुढे केली. आत म्हातारा होत चाललेल्या एका पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे, कार्ड होते. टोपीखालून दोन्ही बाजूंना कान आडवे आलेले.

आयरीनने हात पुसले नाहीत. पिठाचा अंगठा तिने कार्डावर तसाच टेकवला. क्लेबरचा हात आपोआप पुढे आला, कारण असे कार्ड बोटांच्या टोकांनी कडेला धरायचे असते. मग त्याने तो हात खिशात घातला.

"बाबांचेच कान," आयरीन म्हणाली. "अगदी बाबांचेच." आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. बायकांचे बोलणे थांबले नाही, पण सगळ्याजणी एकदम हळू बोलू लागल्या. थोड्या वेळाने तिने कार्ड एप्रनच्या खिशात ठेवले आणि लाटणे उचलले. "डॉट, नुसती उभी राहू नकोस. चिमटी घाल."

वेराने तेवढ्यात मला दोन घरे मागे फिरवले. टक, टक. दुसऱ्या टकेला माझी पट्टी मधोमध चिरली. "चौदाची बारा केली," ती म्हणाली. "त्याच्या वतीनं. आता मी मोकळी."

पुढच्या पत्रकात क्लेबरने लिहिले: 'चौथा हप्ता कोलव्हिलमध्ये शनिवारी, बारा सप्टेंबरला उतरला. आधीची तारीख ही माझी चूक. शिक्क्यावर वार नसतो, तो मी पाहायला हवा होता.' ओहायोहून एक टोमण्याचे पत्र आले. त्याने तेही मोठ्याने वाचले आणि फायलीत लावले.

मित्रांनो, एमिल चांगला होता की वाईट, ते माझ्या चार पट्ट्यांत मावत नाही. मी सांगू शकतो ते एवढेच की त्याने दोन नाणी ठेवली होती, एक नाही. तुमच्या घरी जुना शिक्का, जुने घड्याळ, जुनी वही असेल तर टाकू नका. शाई पुसा, तेलाचा थेंब घाला. पण त्यावर जे उमटले आहे ते वाचून थांबू नका. ते उमटवणारा हात कोणाचा होता आणि त्या हाताला कोणती सवय होती, हेही विचारा. आणि तो हात अजून गावात असेल तर लवकर जाऊन विचारा. वेराला विचारायला त्रेचाळीस वर्षे लागली.

त्या कार्डावर पिठाचा अंगठा अजून पुसट दिसतो, असे क्लेबर सांगतो. संग्राहकांच्या हिशेबी ते कार्ड खराब झाले. मी आयुष्यभर शिक्के उठवले, त्यामुळे मला त्यातले थोडे कळते. त्या कार्डाला हवा असलेला शिक्का तोच होता.